पांढऱ्या दोऱ्याचं नेलकटर

फोन आला तेव्हा शालिनीताईंचं नेलकटर माझ्या पर्समध्ये होतं. शाळा सुटली की रिक्षा करून थेट दवाखान्यात जायचं, असं ठरवून मी सकाळीच समोरच्या त्यांच्या घराचं कुलूप उघडून ते आणलं होतं. स्पिरिटनं पुसून, धुतलेल्या रुमालात गुंडाळून... पहिला तास संपता संपता त्यांच्या भाचीचा फोन आला, मावशी गेली म्हणून. त्याला आता सहा आठवडे झाले.

शालिनीताई म्हणजे आमच्या नाशिकच्या कॉलनीतल्या निवृत्त सिस्टर. नोकरी संपली, पण माणूस दिसला की आधी त्याची तब्येत न्याहाळायची सवय काही सुटली नाही. आमची ओळख झाली विहारात, रविवारच्या वंदनेला. तिथे चपला दाराबाहेर काढाव्या लागत आणि मला नेमकं तेच नको असे. मी घोटीकडच्या भातशेतीतली. बारावीपर्यंत दर पावसाळ्यात आईसोबत चिखलात उभं राहून लावणी केलेली. तेव्हापासून दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड, कडेनं भुगा होणारी. शिक्षिका झाले, लग्न झालं, नखं तशीच राहिली. त्यांच्यावर मी बारा महिने गडद नेलपॉलिश फासायची आणि वरून साडीच्या निऱ्या पसरून बसायची. ताईंनी दोन रविवार पाहिलं. तिसऱ्या रविवारी चपला घालताना हळूच म्हणाल्या, "तो रंग काढून घरी ये. नख बघू दे मला." मला असा राग आला... आठवडाभर मी त्यांच्याशी नजरानजरही होऊ दिली नाही.

शेवटी गेले. बुरशी वाटतेय, पण माझ्या वाटण्यावर औषध घ्यायचं नाही, असं बजावून त्या मला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नखाचा कीस तपासायला दिला, रक्त तपासलं, मग गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बुरशी मेली तरी खराब नख वाढून निघून जायला वर्षभर लागेल. माझ्यात कुठला एवढा दम. दीड महिन्यात मुळाशी जरासं गुलाबी नख दिसलं आणि मी स्वतःला बरी ठरवून गोळ्या परस्पर बंद केल्या. ताईंना कळलं तेव्हा त्या आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळ्या, आणि सोबत ताईंची शिस्त. पाय धुतले की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मोजे रोज धुतलेले घालायचे, ओली पादत्राणं घालायची नाहीत, आणि नेलकटर ज्याचं त्याचं.

ते शेवटचं ऐकून मी हबकले. दर दिवाळीला गावी गेले की आईचे पाय परातीत भिजवून तिची नखं मी माझ्याच नेलकटरनं कापायची. लेकीची सेवा म्हणून, मोठ्या हौसेनं. आईची नखंही माझ्यासारखीच झाली होती आणि वर तिला साखर होती. मीच आईला हे दिलं, असं म्हणत मी ताईंपुढे रडले.

"दोघी एकाच चिखलात उभ्या होतात," त्या म्हणाल्या. "कुणी कुणाला दिलं ते शोधत बसू नकोस. आईचा पाय शेवटचा कधी पाहिलास?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी घोटीची बस धरली. आईच्या उजव्या करंगळीशेजारची बेचकी चिरली होती, पाऊल सुजून लाल झालं होतं, हाताला गरम लागत होतं. आई मात्र म्हणत होती, "दुखत नाय काय, उगं कशाला?" दुखत नाही हेच वाईट, असं म्हणून ताईंनी तिला उठवलं आणि त्याच दिवशी नाशिकला आणलं. दहा दिवस ती दवाखान्यात होती. आणखी उशीर झाला असता तर पाय वाचवणं अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आई माझ्याकडेच राहते. ती आज दोन पायांवर गच्चीत फेऱ्या मारते, ते शालिनीताईंमुळे. हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आईला घरी आणलं त्या संध्याकाळी ताई दोन नवी नेलकटरं घेऊन आल्या. आईच्याला लाल दोरा बांधला, माझ्याला निळा. त्यांच्या स्वतःच्याला पांढरा होता.

त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. बोटानं खुणावलं, पाय दाखव. मी सँडल काढून पाय वर धरला. दोन्ही अंगठे आता स्वच्छ होते. त्यांनी समाधानानं मान हलवली... आणि तेवढ्यात चादरीबाहेर आलेले त्यांचे पाय मला दिसले. नखं केवढी वाढली होती. कित्येक महिने त्यांना वाकता येत नसणार, आणि समोर राहून ते मला दिसलं नव्हतं. पर्समध्ये निळ्या दोऱ्याचं नेलकटर होतं, पण ते त्यांच्या बोटांना लावलेलं त्यांना चाललं नसतं. "उद्या तुमचं घेऊन येते," मी म्हटलं.

परवा भाचीनं ताईंचं घर आवरलं आणि ते नेलकटर मलाच ठेवायला सांगितलं. न्हाणीघराबाहेरच्या खिळ्यांवर मी ते आमच्या दोघींच्या शेजारी टांगलं. आई पाय धुऊन आली, ताईंनी शिकवल्याप्रमाणे एकेक बेचकी फडक्यानं कोरडी केली आणि पांढऱ्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"समद्यांची नखं बघायची बाई," ती म्हणाली. "तिची कोन कापत व्हतं गं?"

मी लाल दोऱ्याचं नेलकटर काढलं, खाली बसले आणि आईचा पाय मांडीवर घेतला.