लवकर झालेलं काम

काम लवकर झालं की मुबारकचाचांचा चेहरा उतरायचा. कडेगावात एसटी स्टँडजवळ त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता आणि मी तिथं एडिटिंगला होते. दुकान बंद करताना कुलूप लावायचे, ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे. "झटक्यात झालं की समज, कायतरी र्‍हायलं," असं त्यांचं म्हणणं.

दुकानातला कॉम्प्युटर जुना होता. एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे सकाळी सुरू करून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पडद्याकडं बघत बसायचं. गेल्या उन्हाळ्यात दुरुस्तीवाल्यानं शूटिंग तेवढं बाजूला काढून जुनं सगळं पुसून नवी सिस्टिम टाकून दिली. दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअर टाकायला घेतलं, तर चहा यायच्या आत झालंसुद्धा.

नेमका त्याच संध्याकाळी सूरज रजा संपवून पलटणीत परत निघणार होता. त्याच्या लग्नाची फिल्म त्याआधी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायची होती. त्याचे वडील, आबा, अंथरुणाला खिळलेले. त्यांना मंडपात येताच आलं नव्हतं. "आबांच्या शेजारी बसून एकदा बघायचीय, चाचा," एवढंच तो म्हणाला होता.

"काढ त्ये सॉफ्टवेअर. परत टाक," चाचा म्हणाले.

"आवं चाचा, नीट झालंय. त्याला लागणाऱ्या बारक्यासारक्या फायली आधी एकेक करून बसवाव्या लागायच्या. नव्या सिस्टिममधी त्या हाईतच. शिवाय जुना कचरा गेला. रान नांगरून ठेवल्यावर पेरायला कितीसा वेळ लागतोय?"

"नांगरलंय म्हनतीस, पन रानात उतरून बघितलंय कुनी? फिल्म मधीच तुटली तर आबांना काय दावू?"

मी काढून परत टाकलं. पुन्हा तेवढ्यातच झालं. चाचांनी विट्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि तो येईपर्यंत मला माऊसला हात लावू दिला नाही. मी चिडले, नको ते बोलले. तो आला तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "पयल्या खेपंलाच झालं व्हतं की."

फिल्म पेनड्राइव्हवर उतरली तेव्हा सूरजची गाडी सुटली होती. चाचा स्वतः ती घेऊन त्याच्या घरी गेले आणि आबांच्या उशाशी बसून शेवटपर्यंत बघितली. आबा टीव्हीकडं कमी आणि दाराकडंच जास्त बघत होते, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दिवाळीआधी आबा गेले. दिवसकार्य उरकून सूरज दुकानात आला, तसे चाचा उठून उभे राहिले. दोष कॉम्प्युटरवर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता.

"तुजी फिल्म येळेवर झाली असती रं. माजाच इस्वास बसला न्हाई."

सूरज खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला.

"फिल्म लावा, चाचा," तो म्हणाला. "आन् आबा कुठं कुठं हसलं, तेवढं सांगत र्‍हावा."