स्टुलावरची गादी

आई जाऊन आठवडा झाला होता. रविवारी सकाळी गल्लीतली माणसं तिच्या दुकानात भेटायला जमली होती. रस्त्यापलीकडचे टेलर मास्तर काठी टेकत पायरी चढताना दिसले, आणि लेकीच्या मनात आलं, आले एकदाचे.

दुकान म्हणजे तरी काय, दोन मशिनी, एक आरसा, एक टेबल आणि आईचं बुटकं स्टूल. आई नवं काही शिवायची नाही. दुसऱ्यानं शिवलेलं सरळ करायची. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाची बाही लोंबलेली, कुणाची पँट काखेपर्यंत आलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे. तोंडात टाचण्या धरूनच ती बोलायची, त्यामुळे निम्मी बडबड कुणाला कळायची नाही, आणि उरलेली निम्मी कळली की माणूस लाल व्हायचा. "सोड की श्वास. पोट आत ओढून माप देतोस, जेवायला बसल्यावर काय करशील?"

नातीच्या शाळेचा स्कर्ट ती दर वर्षी उसवून दोन बोटं खाली सोडायची. नात चिडायची, "नवा घे की आजी, खालची रेघ दिसते." आजी म्हणायची, "दिसू दे. किती वाढलीस ते कळतं लोकांना. ताडासारखं वाढायचं तू आणि शिक्षा कापडाला होय?"

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी बारा वर्षं ती याच मास्तरांकडे काज करायला होती. हातानं. तिचं काज असं, की बटण आपणहून जाऊन बसावं. एके दिवशी मास्तरांची मोठी कात्री हरवली. बारा इंची, पितळी मुठीची, त्यांच्या वडलांच्या हातची. मास्तरांनी चार गिऱ्हाइकांसमोर आईची पिशवी टेबलावर उलटी केली. पिशवीतून निघालं काय, तर जेवणाचा डबा, कंगवा आणि लेकीसाठी घेतलेली पेन्सिल. कात्री नव्हतीच. तरी मास्तर म्हणाले, "आधीच घरी पोचवली असशील." नऊ वर्षांची लेक शाळेतून येऊन दारातच उभी होती. पेन्सिल घरंगळत तिच्या पायाशी आली.

आईनं ते काम सोडलं. आठ महिन्यांनी थंडी पडली. कोटाच्या जाड कापडाचा तागा उलगडला, आणि आतून खणकन कात्री खाली पडली. कापून झाल्यावर मास्तरांनीच ती कापडावर ठेवली होती आणि बोलण्याच्या नादात कापडासकट गुंडाळली होती. दुकानातल्या इस्त्रीवाल्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मास्तरांनी कात्री पुसली, खणात टाकली आणि तोंडाला कुलूप घातलं.

इस्त्रीवाला संध्याकाळी आईकडे आला. "चला मावशी, चार माणसांत विचारू त्यांना."

"नको," आई म्हणाली. "बोंबललं की दोन दिवस गंमत होते. मला दोन दिवसांची नको."

तिनं मास्तरांच्या बरोब्बर समोरचा गाळा घेतला. नागिणीनं धरावा तसा डूख धरला आणि वर हसतमुखानं.

मास्तरांचं शिवणकाम वाईट नव्हतं, पण कापडाची त्यांना भारी काटकसर. शिवणीत जादा कापडाची माया ठेवायची नाही, काखेतला मोंढा तंग काढायचा. त्यांचा माल रस्ता ओलांडून आईकडे यायला लागला. आई आधी दोन टाके तोडून मास्तरांच्या नावाचं लेबल काढायची, मग उसवायला घ्यायची. काम झालं की गिऱ्हाइकाला न चुकता विचारायची, "लेबल परत लावू का?" गिऱ्हाईक आरशात बघत म्हणायचं, "कशाला? बसवलात तर तुम्ही." मग ते लेबल डब्यात जायचं. विचारल्याशिवाय तिनं एकही ठेवून घेतलं नाही. "चोर म्हणाला ना मला? मग त्याच्या चिंधीलासुद्धा विचारून हात लावीन."

डबा भरला तेव्हा तिनं लेबलाला लेबल जोडून स्टुलावरच्या गादीला खालच्या बाजूनं अभ्रा शिवला. वरून साधं निळं कापड, खाली ओळीनं मास्तर. अठ्ठावीस वर्षं ती त्यांच्या नावावर बसली.

शेवटच्या आजारात तिनं लेकीला जवळ बोलावलं. लेकीला वाटलं, दागिन्याबिगिन्याचं काही असेल. आई म्हणाली, "मी गेल्यावर तो गोड बोलायला येणार बघ. त्याला माझ्या स्टुलावर बसव. गुडघे गेलेत त्याचे, आपणहून उठता यायचं नाही. कात्रीचं वदवून घे, मग हात दे."

"आणि नाही बोलले तर?"

"तर बसू दे. दुकान आपलंच आहे."

आता मास्तर दारात उभे होते. "बसा ना," लेक म्हणाली आणि स्टूल पुढं सरकवलं. मास्तर बसले तसे त्यांचे गुडघे छातीला लागले.

"बाई गुणाची," मास्तर म्हणाले. "घरच्यासारखी. माझ्याच हाताखाली तयार झाली. तिचा जीव होता आमच्या दुकानावर."

आणखी बरंच गोड बोलून मास्तरांनी हात पुढं केला. "जरा धर गं पोरी."

म्हातारा झालेला इस्त्रीवाला सवयीनं उठायला लागला. लेकीनं त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा खाली बसला.

"धरते. आधी सांगा, ती कात्री कुठं सापडली?"

"कुठली कात्री?"

"आईची पिशवी उलटी केलीत ती."

"अगं, गेलेल्या माणसामागं जुनं कशाला उकरायचं?"

"गेलेलं माणूस चोर म्हणून गेलं, मास्तर. नाव तुम्ही ठेवलंत, तुम्हीच काढा."

मास्तरांनी काठी रोवली, जोर केला, अर्धे उठले आणि धपकन परत बसले. कुणी हसलं नाही. शेजारची भाजीवाली तेवढी खोकली.

"ताग्यात," मास्तर पुटपुटले.

"मोठ्यानं," इस्त्रीवाला म्हणाला. "मागं ऐकू येत नाही."

"कोटाच्या ताग्यात सापडली! मीच गुंडाळली होती. तिनं नव्हती घेतली."

"कधी कळलं?"

"त्याच थंडीत."

लेकीनं हात दिला. चांगला घट्ट दिला. मास्तर उठले तशी गादी त्यांच्याबरोबर घसरून जमिनीवर उलटी पडली. मास्तरांनी चष्मा सावरला आणि वाकता येईल तेवढं वाकून वाचलं. एक ओळ, दुसरी ओळ, सगळीकडं तेच नाव.

"ही माझी..."

"आजी म्हणायची, फार मऊ आहेत," नात म्हणाली.

"प्रत्येक विचारून घेतलंय," लेक म्हणाली. "चोरलेलं एकही नाही."

मास्तर गेले. रस्ता ओलांडताना त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

"निवलं का, ताई?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. तिनं गादी झटकली, स्टुलावर ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्यावर स्वतः बसली.

मागं बसलेल्या एकानं घसा खाकरला. "ताई, मास्तरांनी शिवलेला एक कोट आहे. काखेत काचतो. उद्या आणू का?"

"आणा की," लेक म्हणाली. "कोपऱ्यात अजून एका लेबलाची जागा आहे."