न वाचलेला तिसरा आकडा

हे मी घरीही कधी बोललेलो नाही. दसऱ्याआधीचा सोमवार, मलकापूरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगची कचेरी. हजर तिघं — मालक, मॅनेजर आणि मी, हिशेबनीस. समोर वजनकाट्यावर काम करणाऱ्या सुनीताच्या स्वभाव-चाचणीचा कागद. ठामपणा दहापैकी नऊ, जुळवून घेणं तीन, काटेकोरपणा नऊ.

काट्यावरच्या प्रमुखाची जागा भरायची होती. हे कागद वाचायला शिकावं म्हणून मालकांनी मलाच एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं — आकड्यांत मी पक्का, म्हणून. तिथे एकच गोष्ट घोकून घेतली होती: आकडे सुटे वाचू नका. ठामपणा जास्त आणि जुळवून घेणं कमी, तर माणूस भांडखोर वाटतो. पण जोडीला काटेकोरपणाही जास्त असेल, तर तो खोट्याला अडवणारा माणूस. मला हे समजलं नव्हतं का? माझ्या वहीत ते लाल शाईने लिहिलेलं आहे.

मी पहिले दोनच वाचले.

"म्हंजे भांडखोर," मालक म्हणाले.

"हो," मी म्हणालो — आणि कागद फाइलीत टाकला.

का? लिहितानाही स्वतःची चीड येते. महिनाभर आधी सगळ्यांदेखत ती म्हणाली होती, "काका, तुमची बेरीज चुकून राह्यली." चुकलीच होती. "मुनीमजीची बी चुकते काय बे," म्हणत हमाल हसले. एवढंच. एवढ्यासाठी मी एका बाईची जागा घालवली.

नाव मात्र तिला चिकटलं. "सांभाळून रे, कागदावरची भांडखोर आहे," यार्डात कोणीही म्हणायचं. मीटरने ओलावा मोजून कापसाच्या पैशातली कपात ठरवताना "मीटर दाखवते तेच लिहीन, मालकाले सांगा" म्हणणारी ती हळूहळू गप्प झाली. पुढच्या चाचणीत ठामपणा चार, जुळवून घेणं आठ. "सुधरली," मालक म्हणाले. मी मान डोलावली — कसली सुधारणा? मोडली होती ती, आणि मोडणारा मान डोलावत होता.

गेल्या हंगामात वडनेरच्या एका शेतकऱ्याचा कापूस आला. मीटरवर ओलावा आठ टक्के. आठपर्यंत आम्ही काही कापत नाही. मालकांना बारा हवा होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काका, किती लिहू?"

मी बारा सांगितला. तिने बारा लिहिला. चार टक्के कापून उरलेले पैसे मी त्या शेतकऱ्याला दिले — दोनदा मोजून.