गादीवरची ढील

राजेश्वरी घोरपड्यांचा कणा दोन ठिकाणी वाकडा आहे. हे घडियाळी पोळच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, कारण ती स्वतःच सांगत सुटते. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनीच मिटवला होता. बाक वाढत नाही, नसा दबलेल्या नाहीत, मग कापाकापी कशाला? स्नायू बळकट करा, एका जागी ताटकळू नका.

यातलं दुसरं ती ऐकेल तर शपथ! गेल्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सकाळपासून गच्चीवर मान मागे टाकून पतंग उडवत उभी राहिली. उतरताना जिन्यातच पाठ अशी धरली, की कितीतरी दिवस नवऱ्याने, मानसिंगरावांनी, चहा अंथरुणात आणून दिला. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेला माणूस. सुरक्षेचे नियम अंगात भिनलेले.

"पुढच्या वर्षी तू मांज्याची फिरकी धरायची. पतंग मी उडवणार."

"तुम्ही? तुमचा पतंग कठड्याच्या वर जात नाही!"

फिरकी धरायची म्हणजे जिवंतपणी निवृत्ती. ती वर्षभर अवंती नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे गेली. कुशीवर पडून बरगड्यांच्या खोलगट बाजूत श्वास भर, पोट आवळून पाय उचल; कंटाळवाणे प्रकार सगळे, पण कुरकुरत रोज केले. दुखणं गेलं नाही, आटोक्यात आलं. डिसेंबरात तिने सरळच विचारलं.

"पतंग उडवू की नको, तेवढं बोल."

"उडवा की मावशी. पण तासन्‌तास उभ्याने नाही. थोडं उभं, थोडं चालणं, थोडं आडवं."

"आडवं पडून काय छत बघू?"

म्हणाली खरी, आणि रिक्षात एकटीच हसायला लागली. गच्चीवर आडवं पडलं तर छत असतंच कुठे!

उत्तरायणाला गच्चीवर गादी पडली, गुडघ्यांखाली उशी आली आणि राजेश्वरी उताणी. पतंग चढवून देऊन मानसिंगराव फिरकी धरून उभे, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. झोपून खेच मारायला गेलं की खांदा कुरकुरे, म्हणून ती नुसती ढील देत, मांजा सैल सोडत राहिली. समोरच्या गच्चीवरचे किरीटभाई भारी उतावळे. पेच लागताच त्यांनी खेचलं, आणि त्यांचाच पतंग कापला गेला. मग आणखी एक.

"वाह मानसिंगभाई! आ वर्षे तो कमाल करी!"

मानसिंगरावांनी आधी मान ताठ केली. मोह कुणाला होत नाही? "मी नाही हो, ही उडवतेय."

"भाभी? भाभी क्यां छे?"

"इथे, गादीवर! काप्यो छे!" राजेश्वरी पडल्या पडल्या ओरडली.

किरीटभाई टाकीवर चढले, खाली पाहिलं आणि कोपरापासून हात जोडले.

"चल, ऊठ आता. वेळ झाली," मानसिंगराव म्हणाले.

"हा पेच संपू दे."

"ऊठ म्हणतो ना!"

ती शिव्या घालत उठली, गच्चीभर फिरली, मग परत पडली. दिवसभर हेच.

खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी, वासी उत्तरायणाला; पतंग त्या दिवशीही उडतात. राजेश्वरीने डोळे उघडले आणि घाबरत घाबरत पाय हलवले. मानसिंगराव चहा घेऊन दारात उभेच होते. पाठ कुरकुरली, पण रोजच्याएवढीच. ती कुशीवर वळली, हात टेकून उठून बसली.

"चहा वर आणा. फिरकीही."

समोरच्या गच्चीवर किरीटभाई दिसेनात. त्यांची बायको तेवढी फिरकी धरून, कपाळाला हात लावून उभी. कठड्यामागून आवाज आला,

"भाभी, उशी गुडघ्याखाली के डोक्याखाली?"

"कुठेही ठेवा! आधी ढील द्यायला शिका!"