मधल्या खांबाखालच्या गठाणी

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. वर्ध्याच्या बाजारातलं आमचं घर आता जतन करायच्या इमारतींच्या यादीत आहे, असं त्याखाली छापलंय. सगळ्या शेजाऱ्यांकडे काचेची शोकेस असताना आमच्याच दुकानाला का नाही, असं तुम्ही विचारलंत. ते सांगू शकेल अशी आता मी एकटीच उरले, म्हणून लिहिते.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. मी नऊ वर्षांची. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. दर्शनी तीन सागवानी खांब, त्यांवर आडवी तुळई, तुळईवर वरचा मजला. बाबांना शोकेस हवी होती आणि मधला खांब आड येत होता. एवढी बारीक नक्षी आहे म्हणजे तो शोभेचाच, असं त्यांनी धरलं. सुतारानं दोनदा विचारलं, मग करवत लावली.

त्या खांबाच्या बरोबर डोक्यावर बाळंतिणीची खोली होती. आईचा चौथा दिवस. बाळंतिणीला हलवायचं नसतं, त्यामुळे तिला आधी खाली न्यावं हे कुणाच्या मनातही आलं नाही.

भर दुपारी मी आईजवळ बसले असताना खोलीच्या जमिनीतून कडकड आवाज आला. बाजेखालची पेटती शेगडी आपोआप रस्त्याच्या बाजूला हातभर सरकली. भिंतीलगतच्या फटीतून मला खालचे कापडाचे तागे दिसले.

खालून सुतार ओरडला, "शेठ, हा शोभेचा नाई! वरचा सारा भार याच्यावरच हाय!"

"तिला खाली आणा!" बाबांचा आवाज चिरकला.

जिन्याच्या पायथ्याशी आत्या आडवी आली. "उद्या पाचवी, सटवाईची पूजा. बाळंतीण उंबरठा ओलांडत नाई, दादा. खांब कापताना मले इचारलं होतं काय?"

"जिन्यावर कोणीच पाय ठेवू नका," सुतार म्हणाला. "तो बी याच तुळईले टेकला हाय. वहिनी, मागच्या भिंतीले चिकटून राहा!"

आई बाळाला पोटाशी धरून बसल्याबसल्या मागे सरकली. मला म्हणाली, "तू हलकी आहेस. पोटावर सरक आणि शेगडी चिमट्यानं ओढ." मी ओढली. प्रत्येक फळी करकरत होती. माझा परकर ओला झाला होता. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

समोरच्या कापूस दाबायच्या प्रेसमधून हमालांनी दाबलेल्या रुईच्या गठाणी लोटत आणल्या, तुळईखाली एकावर एक रचल्या आणि वरून पाचरी ठोकल्या. प्रत्येक घाव आमच्या पाठीच्या कण्यात शिरे. आत्या खालून सारखी विचारी, "वहिनी, हायेस ना?" आई दर वेळी म्हणे, "आहे."

शेवटी सुतार म्हणाला, "उतरा." आत्या बाजूला झाली आणि तिनं हात पुढे केला. "ये. सटवाईले काय सांगायचं ते मी सांगीन."

खांबाला लोखंडी पट्टा मारला. शोकेसचं नाव पुन्हा निघालं नाही. ते बाळ, माझा भाऊ, गेल्या वर्षी गेला. मागचं स्वयंपाकघर पाडलं, विहीर बुजवली. दुकान, तीन खांब आणि वरची खोली शिल्लक आहे.