चार मिनिटांचा व्हिडिओ आणि माझ्या खिशातला बिल्ला

मंगळवारी दुपारी लोहाऱ्याच्या पुढं एका जिनिंगच्या गोडाऊनला आग लागली. तिचा व्हिडिओ तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी पाहिलाय, काहींनी तर तो मलाच पाठवलाय... "बघ रे, तुझ्या डिपार्टमेंटचे लोक" असं वर लिहून.

पाहिला. पाच वेळा पाहिला. त्यात पाईप हातात धरून नुसता उभा असलेला जो जाडा फायरमन दिसतो, तो मीच आहे.

आणि खाली कमेंट काय एकेक! "आगवाले पिकनिकला आले." "मुहूर्त बघून राहिले वाटते." घरी पंख्याखाली बसून लिहायला काय जातं तुमचं?

आता ऐका. आत एकही मजूर अडकलेला नव्हता, हे आम्ही पोचल्या पोचल्या विचारून घेतलं होतं. जळत होता तो कापूस. आणि गोडाऊनची लाईट चालू होती.

लाईट चालू असताना पाणी मारलं, तर करंट त्याच पाण्यातून नोझल धरणाऱ्यापर्यंत येऊ शकतो. म्हणून लाईनमननं ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून सप्लाय बंद केल्याचं सांगेपर्यंत पाणी सोडायचं नाही. ट्रेनिंगमध्ये ही एसओपी आमच्याकडून घोकून घेतलेली असते. लाईनमनला यायला चार मिनिटं लागली... तेवढाच तो व्हिडिओ आहे.

ती चार मिनिटं गर्दी नुसती अंगावर येत होती. "अबे पाणी मारा नं! काय पाहून राह्यले?" मोबाईलवाला तर माझ्या तोंडाशी येऊन म्हणाला, "भेते का बे तू?" चौदा वर्षं झाली मला या नोकरीत. माझं डोकंच सणकलं.

इथून पुढचं व्हिडिओत नाही. लाईट बंद झाली आणि मोबाईलवाल्या साहेबांनी मोबाईल खिशात टाकला.

आमच्यात एक पद्धत आहे. आत शिरण्याआधी प्रत्येकानं आपल्या नावाचा पितळी बिल्ला गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. आमचे ड्रायव्हर देवीदासभाऊ पंपापाशीच उभे असतात, ते तो गाडीवरच्या हुकाला अडकवतात. बाहेर आलं की आपला बिल्ला परत घ्यायचा... हुकावर बिल्ला असला तर माणूस आत आहे, हुक रिकामे असले तर सगळे बाहेर आहेत.

मी बिल्ला दिलाच नाही. "भेते का बे" डोक्यात घुमत होतं, मास्क चढवला आणि पाईप ओढत तसाच घुसलो. माझा जोडीदार किशोर राठोड मागून आला, पण तो बिल्ला देऊन आला.

धुरात आम्ही दोघं बराच वेळ पाणी मारत होतो. मग गाडीचा लांब हॉर्न वाजला. लांब हॉर्न म्हणजे छपराचं काही खरं नाही, असाल तसे बाहेर या. राठोडनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो वळला, मी मागून येतोय असं धरून.

मी नाही वळलो. एवढा एक कोपरा विझवतो आणि मगच निघतो, त्या मोबाईलवाल्याला दाखवतोच... हे चाललं होतं माझ्या डोक्यात. तेवढ्यात कापसाची एक गाठ घसरून पायावर आली. मला एकट्याला ती हलेना.

बाहेर राठोडनं आपला बिल्ला घेतला. हुक रिकामे झाले तसे देवीदासभाऊ ओरडले, "सगळे बाहेर!" त्यांची काही चूक नव्हती. माझा बिल्ला माझ्याच खिशात होता.

मी कुठं दिसत नाही हे राठोडच्या लक्षात आलं आणि तो उलट पावली आत आला. काढलेले हातमोजे घालायलासुद्धा थांबला नाही. पण देवीदासभाऊंनी मला नंतर सांगितलं... जाताना त्यानं बिल्ला मात्र त्यांच्या हातात ठेवला.

दोघांनी मिळून गाठ ढकलली, पाईप धरून बाहेर पडलो आणि पाठोपाठ टिनाचं छप्पर खाली बसलं. मला नुसतं खरचटलं. राठोडचा डावा हात तापलेल्या दाराला लागून मनगटापर्यंत भाजला.

देवीदासभाऊंनी एवढंच विचारलं, "बिल्ला कुठी हाये तुहा?" मी खिशातून काढला. "मेला असता तं म्या तुले शोधलंही नसतं. माह्यासाठी तू बाहेरच होता." चौदा वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा रागावले.

व्हिडिओवाल्यांचा राग मला आजही आहे, तो जाणार नाही. पण त्यांनी ज्याच्यासाठी शिव्या घातल्या, ते मी बरोबर केलं होतं. चुकलो ते नंतर, आणि ते कुणीच शूट केलं नाही... म्हणून मीच लिहितोय.

काल राठोडला भेटायला घरी गेलो. बँडेजचा हात उशीवर ठेवून तो दुसऱ्या हातानं मोबाईल चाळत होता. तो व्हिडिओ त्याच्या सासऱ्यांनीच फॅमिली ग्रुपवर टाकलाय, खाली लिहिलंय, "जावईबापू, नुसते उभेच होते का तुम्ही?" तो हसत होता. मला हसू आलं नाही.

आज सकाळी कडब्याच्या गंजीचा कॉल होता. गाडी थांबली तसे देवीदासभाऊ उतरून माझ्यापुढं तळहात पसरून उभे राहिले. लोक ओरडतच होते. मी बिल्ला दिला आणि मगच पुढं गेलो.

किशोर, लवकर बरा होऊन ये बाबा. आणि सासऱ्यांना माझा निरोप सांग... व्हिडिओतला तो जाडा माणूस आज जिवंत आहे, तो तुमच्या जावयामुळं.