चष्मा आणला त्या संध्याकाळी

शेजारी आज कर्ली तळतायत. आम्ही नवरा-बायको शेवटचं एकत्र जेवलो तेव्हाही कर्लीच होती. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, घाटकोपरच्या चाळीतली. मला जवळचं धड दिसायचं नाही, म्हणून माझ्या ताटातले माशाचे काटे शोभाच काढायची. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा चष्मा लावून बसलो. बारीकातला बारीक काटा दिसत होता.

"आता तुमचे तुम्ही काढा," ती हसली.

मी वर बघितलं. गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली, डोळे पिवळे.

"अगं, कधीपासून हे?"

"बल्बच पिवळा आहे. जेवा गुपचूप."

मी पुढचा काटा काढला. दवाखान्यात जायचं म्हणजे कामावर खाडा पडला असता, म्हणून मला ते पटलं. दुसऱ्या संध्याकाळी ती अंथरुणाला खिळली आणि पंधरा दिवसांत काविळीनं गेली.

पण त्या दोन संध्याकाळींच्या मधे एक सकाळ होती. चांगलं ऊन दारात आलं होतं. त्या उजेडात तिचे डोळे बघायचे सोडून मी चष्मा पुसून लावला आणि तिलाच विचारलं, "कसा दिसतो मी?"

"झकास," ती म्हणाली.

मी कामावर गेलो.